बडोद्याच्या अलकापुरीतलं कॅकाओ वर्कशॉप: १२०० रुपये, एक वाटी आणि रात्री दोनपर्यंत टक्क जागी

मैत्रीण म्हणाली चल गं, कॅकाओचं (म्हणजे ज्या बियांपासून चॉकलेट बनतं त्यांचं) वर्कशॉप आहे, मेडिटेशन पण होईल आणि गोड पण खायला मिळेल, म्हणून रविवारी संध्याकाळी सहाच्या बॅचला गेले. नाव मुद्दाम लिहीत नाहीये. फी १२००, आणि त्यात मिळते कॅकाओच्या डेझर्टची एक वाटी. एकच!

पहिला अर्धा तास मेणबत्त्या, डोळे मिटा, हृदय उघडा वगैरे. शिकवणाऱ्या बेन गोड होत्या पण म्हणाल्या की मध्य अमेरिकेतले प्राचीन माया लोक हेच डेझर्ट खायचे, ते काही पटलं नाही. ते लोक कॅकाओ प्यायचे हो, मिरची बिरची घालून, आणि या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतून फेस काढायचे. झाडाचं शास्त्रीय नाव थिओब्रोमा, म्हणजे देवांचं अन्न, ते स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलंय. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग नैवेद्य दाखवून खाल्लंत का?" नाही दाखवला.

पण एक गोष्ट मात्र जाम आवडली. कॅकाओचा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि चावायचं नाही. कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या तोंडातच, त्यामुळे आधी कारल्यासारखं कडू, मग जरासं आंबट, आणि मग हळूच तो वास नाकात चढतो, दोन मिनिटं मी खरंच गप्प बसले होते, घरी कोणी विश्वास ठेवत नाही.

मग बनवणं. १०० ग्रॅम कॅकाओ पेस्ट (नाव पेस्ट, पण असते दळलेल्या बियांची घट्ट वडी), २०० मिली नारळाचं दूध, आठ भिजवलेले खजूर वाटून, चिमूटभर मीठ. उकळत्या पाण्यावर स्टीलचं भांडं ठेवून पेस्ट वितळवायची आणि भांडं एकदम कोरडं हवं. माझा फोन वाजला, मी वळले, झाकणाचं थेंबभर पाणी आत पडलं आणि सगळ्याचा रवाळ गोळा! मला वाटलं गेलं फुकट. बेननी गरम नारळाचं दूध थोडं थोडं ओतून घोटायला लावलं तर पाच मिनिटांत परत मऊ चकचकीत झालं. मेणबत्तीपेक्षा ध्यान इथे लागतं, कारण नजर हलली की शिक्षा लगेच.

तक्रार एकच, संध्याकाळची बॅच ठेवूच नये. कॅकाओत थिओब्रोमिन नावाचं कॅफिनसारखंच उत्तेजक द्रव्य असतं, थोडं कॅफिन पण, आणि मला रात्री दोनपर्यंत झोप नाही. सकाळची असेल तरच जा.

घरी परत केलं तेव्हा सासूबाईंनी आधी देवापुढे वाटी ठेवली, मग चाखून म्हणाल्या गूळ घाल अजून. पेस्टचं अर्धं पाकीट उरलंय, डांडिया बाजारात कोणाला हवं असेल तर घेऊन जा, फक्त घरात कुत्रा असेल तर वर कपाटात ठेवा, त्यांना हे विष आहे.