पाकसॉकचा गुरुवारचा मेल: कार्यक्रमांसाठी घ्यावा, मथळ्यांसाठी नाही

उत्तर इंग्लंडमधल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या पाकिस्तान सोसायटीचा मेल सत्र चालू असताना दर गुरुवारी दुपारी येतो. ब्रिटिश कॅम्पसवर अशा सोसायट्यांना सरसकट 'पाकसॉक' म्हणतात, तेच नाव इथे वापरतो. मेलचे तीन भाग असतात. वर पाकिस्तानातल्या पाच बातम्या, मध्ये आठवड्याचे दोन-तीन कार्यक्रम आणि तळाशी 'कागदपत्रं' असा लहानसा चौकोन. मेल फुकट आहे. वर्षाचं सभासदत्व पाच पौंडांना मिळतं आणि ते स्टुडंट्स युनियनच्या संकेतस्थळावरूनच घ्यावं लागतं. त्यासाठी पाकिस्तानी असण्याची अट नाही. यादीत भारतीय, बांगलादेशी आणि इंग्रज मुलंही आहेत. इथलं मत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाचे सगळे अंक सलग वाचून दिलेलं आहे.

आधी बातम्या. वर्षाचा पहिला अंक २६ सप्टेंबरचा होता. आदल्या दिवशीच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला ३७ महिन्यांचा, सात अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला होता, म्हणजे मोठी बातमी आयतीच हाती आली. मेलमध्ये आकडा पडला 'सात दशलक्ष'. ही चूक कुठून येते ते पाहण्यासारखं आहे. उर्दू वर्तमानपत्रं 'अरब' आणि 'खरब' लिहितात, इंग्रजी पत्रं बिलियन आणि ट्रिलियन लिहितात, आणि लाहोरला घरी फोन केला की आई लाख-कोटीत बोलते. उर्दूतला एक अरब म्हणजे आपला एक अब्ज, शंभर कोटी. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. बातमी उर्दूत वाचून इंग्रजीत लिहिताना मध्ये ही शिडी उतरावी लागते, आणि घाईत एखादी पायरी चुकतेच. पुढच्या गुरुवारी दुरुस्ती आली, पण तळाशी आणि बारीक अक्षरात.

ऑक्टोबरमध्ये मात्र या भागाने चांगलं काम केलं. सव्विसावी घटनादुरुस्ती २० तारखेच्या रात्री सिनेटमध्ये आणि २१ च्या पहाटे नॅशनल असेंब्लीत मंजूर झाली. २४ च्या मेलमध्ये त्यावर सहा ओळींचं टिपण होतं: सरन्यायाधीशांची मुदत तीन वर्षं, ज्येष्ठतेतल्या पहिल्या तिघांतून निवड, आणि निवड करणारी बारा जणांची संसदीय समिती. कोण चूक, कोण बरोबर यावर एक शब्द नाही. पक्षाच्या मोर्चाची जाहिरातही या मेलमध्ये कधी सापडणार नाही. याचं श्रेय कमिटीच्या समतोलाला देण्याआधी कायदा आठवावा. इंग्लंडमधल्या बहुतेक स्टुडंट्स युनियन नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत आणि अशा संस्थेला राजकीय पक्षाचा प्रचार करता येत नाही. तरी बंधनातून आलेला कोरडेपणा वाचकाला उपयोगीच पडतो.

नोव्हेंबरात लाहोरच्या धुरक्याची बातमी आली. हवेचा निर्देशांक हजाराच्या वर गेला होता, ते खरंच. पण तो आकडा एका तासाचा की चोवीस तासांच्या सरासरीचा, कोणत्या केंद्रावरचा, किती वाजताचा, यातलं काही दिलं नव्हतं. हवेच्या आकड्याला वेळ आणि जागा जोडली नाही तर त्याचा अर्थ लागत नाही. पहाटेचा तासाचा आकडा आणि दिवसभराची सरासरी यांच्यात कित्येक पट फरक पडू शकतो.

दुवे देण्याची सवय चांगली आहे, दुव्यांची निवड कच्ची. डॉन, एक्सप्रेस ट्रिब्यून, बीबीसी उर्दू असतील तर ठीक. पण तिसरा-चौथा दुवा हमखास एक्सवरच्या पोस्टचा. पाकिस्तानात एक्स फेब्रुवारी २०२४ पासून बंद होतं आणि मे २०२५ मध्ये सुरू झालं. म्हणजे जवळपास हे सगळं वर्ष मुलांनी हाच मेल घरी पुढे पाठवला, तर तिकडे व्हीपीएनशिवाय तो दुवा उघडत नव्हता. पोस्ट उडवली गेली की बातमीचा पुरावाही जातो. वर्तमानपत्राच्या बातमीचा दुवा आणि प्रकाशनाची तारीख, एवढं दिलं तरी पुरे.

उर्दूचा प्रश्न वेगळा आहे. मेलच्या डोक्यावर दर आठवड्याला एखादी उर्दू ओळ असते आणि ती चित्र म्हणून चिकटवलेली असते. कारण समजण्यासारखं आहे. उर्दू वाचकाला नस्तालिक हे वळण लागतं, उजवीकडून डावीकडे उतरत येणारं. मेल मजकूर म्हणून पाठवला आणि समोरच्या यंत्रावर नस्तालिकचा फॉन्ट नसला, तर तीच ओळ नस्ख वळणात, अरबी बातमीपत्रासारखी दिसते. त्यात इंग्रजी तारीख किंवा खोलीचा क्रमांक मिसळला की उजवी-डावी दिशा बिघडते आणि पूर्णविराम ओळीच्या भलत्या टोकाला जातो. चित्राने हे टळतं, पण चित्र शोधता येत नाही, फोनवर बारीक दिसतं, आणि अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यापाशी गप्प बसतो. उपाय कठीण नाही: चित्र ठेवावं, त्याच्या पर्यायी मजकुरात तीच ओळ टंकावी, आणि तारीख-वेळ-जागा चित्रात कधीच घालू नये. दोन अंकांत तर कार्यक्रमाची वेळ फक्त चित्रातच होती.

कार्यक्रमांच्या भागात हा मेल पैसे वसूल करतो, म्हणजे असते तर केले असते. इथे प्रत्येक नोंदीत दार कधी उघडणार, कार्यक्रम कधी सुरू होणार, लिफ्ट आहे का, बसायला खुर्च्या की जमीन, जेवण हलाल आहे का, शाकाहारी काय, हे सगळं असतं. कायद्याने सांगावे लागणारे चौदा ॲलर्जीकारक घटक पदार्थागणिक दिलेले असतात. कोरम्यातला काजू, हलीममधला गहू, नानवरचे तीळ, काही सुटत नाही.

दिवाळे निघतं ते घड्याळापाशी. पाकिस्तानचं घड्याळ वर्षभर एकच असतं, ब्रिटनचं दोनदा सरकतं. उन्हाळ्यात फरक चार तासांचा, हिवाळ्यात पाचचा. आपल्यासारखा वर अर्धा तास नाही, एवढीच सोय. २४ ऑक्टोबरच्या मेलमध्ये पुढच्या मंगळवारी लाहोरहून ऑनलाइन व्याख्यान जाहीर झालं: तिकडचे रात्री आठ, इकडचे चार. पण मधल्या रविवारी, २७ तारखेला, ब्रिटिश घड्याळं एक तास मागे गेली. तिकडचे आठ म्हणजे इकडचे तीन झाले होते. निम्मे श्रोते प्रश्नोत्तरांच्या वेळी उगवले. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवाराच्या आसपासचा कोणताही ऑनलाइन कार्यक्रम असला की मेलमधली वेळ स्वतः ताडून पाहावी.

ईदची गोष्ट याहून अवघड, आणि ती पाकसॉकने चांगली हाताळली. २०२५ मध्ये सौदी अरेबियाची ईद ३० मार्चला होती, पाकिस्तानची ३१ ला. ब्रिटनमधल्या काही मशिदी सौदी घोषणेमागे जातात, काही स्थानिक चंद्रदर्शनाची वाट पाहतात, त्यामुळे एकाच वसतिगृहात दोन ईद होतात. भरीला त्याच ३० मार्चला घड्याळं पुढे गेली. 'चांद रात' म्हणजे ईदची आदली रात्र. ती कोणती, हे गुरुवारी २७ ला कुणाला सांगता येणार? मेलमध्ये मेहंदी आणि बांगड्यांचा कार्यक्रम शनिवारी २९ ला पक्का ठेवला आणि सरळ लिहिलं: ज्यांची ईद सोमवारी आहे त्यांना रविवारीही रोजा असेल, तरीही त्यांनी यावं, खाणं इफ्तारनंतरच वाढू. ईदचं जेवण तर पुढच्या शुक्रवारी ढकललं होतं. चंद्राशी बांधलेला कार्यक्रम आणि युनियनची खोली यांचं जमत नाही. खोली तीन-तीन आठवडे आधी धरावी लागते.

इफ्तारच्या खोलीचंही तसंच. १ मार्चच्या सुमारास तिथे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, महिनाअखेरीला साडेसहाच्या पुढे, आणि घड्याळ सरकलं की एकदम साडेसातच्या पुढे. रोज साधारण दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात पाच ते सात अशी धरलेली खोली शेवटच्या आठवड्यात निरुपयोगी ठरते. रमजानच्या पहिल्या अंकातच महिनाभराचा तक्ता आणि आठवड्यागणिक बदलती खोली दिली होती. रमजानचं एवढं व्यवस्थित वेळापत्रक विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरही नव्हतं.

खाण्याबद्दल दोन शब्द जास्तच लिहितो, कारण गर्दी त्यासाठीच होते. बिर्याणी बाहेरून येते आणि मेलमध्ये 'सातला जेवण' लिहिलं असेल तर साडेसहाला यावं. इंग्लंडच्या नियमानुसार गरम अन्न ६३ अंश सेल्सियसच्या वर ठेवावं लागतं; त्याखाली उतरलं तर दोन तासांच्या आत वाढायचं, नाहीतर फेकायचं. डेग (मोठा हंडा) नाही, विजेची भांडी कमी, म्हणून कमिटी वाढपाला उशीर करत नाही. फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे पुष्कळ, त्यामुळे ऑर्डर कमी दिली जाते आणि उशिरा येणाऱ्याला उरतो तो रायता. तिकीट दोन पौंडांचं असतं त्या दिवशी असं होत नाही.

काश्मिरी चहाच्या संध्याकाळी मात्र नक्की जावं. तो गुलाबी चहा युनियनच्या स्वयंपाकघरात सुरुवातीपासून करणं अशक्यच: हिरवी पत्ती चिमूटभर खायच्या सोड्याबरोबर तासभर उकळायची, मध्ये बर्फाचं पाणी ओतून वरून खाली ओतत राहायचं, तेव्हा काढा गडद लाल होतो आणि दूध पडल्यावर गुलाबी. सोडा जास्त झाला की साबणाची चव येते, कमी पडला की रंग तपकिरी. इथली मुलं काढा आदल्या रात्री घरी करून बाटल्यांत आणतात आणि जागेवर फक्त दूध, वेलची आणि मीठ किंवा साखर घालतात. मेलमध्ये साखरेचा आणि मिठाचा असे दोन वेगळे थर्मास असल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचून मगच कप भरावा.

२३ फेब्रुवारीला दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता, चॅम्पियन्स ट्रॉफीचा. ब्रिटनमध्ये सकाळी नऊला चेंडू पडणार, रविवार, आणि युनियनची इमारत एरवी दहाला उघडते. मेलमध्ये पावणेनऊला बाजूच्या दारातून प्रवेश, व्यावसायिक परवाना असलेला पडदा, भारतीय सोसायटीबरोबर संयुक्त आयोजन आणि झेंड्यांच्या काठ्या आणू नयेत ही सूचना, सगळं होतं. घरगुती क्रीडा वाहिनी लॅपटॉपवरून सभागृहात दाखवता येत नाही, हेही एका ओळीत सांगितलं होतं. भारत सहा गडी राखून जिंकला. पुढच्या अंकात ती बातमी पाचपैकी पाचवी होती.

खरी परीक्षा मेमध्ये झाली. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला, ७ मेच्या पहाटे भारताची कारवाई, १० मेला शस्त्रसंधी. मधल्या गुरुवारी, ८ मेला, नेमका अंक होता. त्यात बातम्यांचा भाग काढूनच टाकला होता. उड्डाणांची स्थिती विमान कंपनीकडूनच तपासावी, परीक्षेला अडचण असेल तर विभागाला कसं कळवावं, विद्यापीठाची समुपदेशन सेवा कुठे मिळेल, आणि न तपासलेले व्हिडिओ पुढे पाठवू नका, एवढंच. त्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं दोन्हीकडे युद्धाची म्हणून फिरत होती, तेव्हा गप्प राहणं योग्यच होतं. खटकलं ते नंतरचं. १५ मेच्या अंकात नेहमीच्या पाच बातम्या परत आल्या आणि मधल्या आठवड्याबद्दल अक्षरही नव्हतं. शांत झाल्यावर, तारखांसह, दोन्ही सरकारांनी काय म्हटलं एवढं तरी द्यायला हवं होतं.

'कागदपत्रं' हा चौकोन सगळ्यात कमी सजवलेला आणि सगळ्यात कामाचा. परदेशस्थ पाकिस्तानींचं निकॉप ओळखपत्र कसं नूतनीकरण करायचं, पदवीवर हायर एज्युकेशन कमिशनचा शिक्का कधी लागतो, मँचेस्टर किंवा ब्रॅडफर्डच्या वाणिज्य दूतावासात जायचं की लंडनला उच्चायुक्तालयात, असं काही ना काही. मराठी वाचकाला याचा थेट उपयोग नाही, पण आपल्या सोसायट्यांच्या मेलमध्ये असा चौकोन का नसतो, असा प्रश्न पडतो.

एक गंभीर चूक नोंदवतो. जानेवारीतला एक मेल सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून, 'बीसीसी'ऐवजी 'टू'मध्ये टाकून गेला. ही यादी कोण कोणत्या देशाचं, कोणत्या धर्माचं याचा अंदाज देणारी. ब्रिटिश माहिती-संरक्षण कायद्यात अशी माहिती जपायची असते. माफी दुसऱ्या दिवशी आली आणि तेव्हापासून मेल युनियनच्या यंत्रणेतूनच जातो. तरी नाव नोंदवताना विद्यापीठाचा पत्ता द्यावा, खासगी नको.

नोंदणी सप्टेंबरच्या स्वागत सप्ताहात करावी. जूनच्या मध्यापासून मेल बंद होतो, कमिटी बदलते आणि नव्या संपादकाला जुनी यादी मिळायला ऑक्टोबर उजाडतो. १४ ऑगस्ट दरवर्षी याच खिंडीत सापडतो, त्यामुळे पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन या कॅम्पसवर साजरा होतो तो सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. त्याचं आमंत्रण वर्षाच्या पहिल्याच मेलमध्ये असतं आणि तिकिटं त्याच संध्याकाळी संपतात.