विकतचे शेणखत आणि त्यातून उगवणारे गाजर गवत: यावल तालुक्यातील दोन पुरवठादारांचा अनुभव

घरची जनावरे कमी झाल्यापासून आम्हाला केळीसाठी शेणखत विकत घ्यावे लागते. गेल्या दोन वर्षांत यावल तालुक्यातील दोन पुरवठादारांकडून घेतलेल्या खताचा अनुभव येथे नोंदवत आहे. खताचा रंग, वास आणि ट्रॉलीचा भाव यांची आपल्याकडे पुष्कळ चौकशी होते. त्या खतातून पुढे काय उगवेल, हे मात्र खरेदीच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही.

पहिल्या पुरवठादाराकडून मृग बागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला होणाऱ्या केळीच्या लागवडीसाठी, मे महिन्यात 4 ट्रॉल्या घेतल्या. माप चोख होते, गाडी ठरल्या दिवशी आली आणि खतात मातीची भेसळही नव्हती. परंतु पावसाला सुरुवात होताच खत टाकलेल्या प्रत्येक ओळीत ठिबकच्या नळीलगत गाजर गवताची दाट रोपे उगवली. खत कमी पडल्यामुळे ज्या दोन ओळी तशाच राहिल्या होत्या, त्यांत नेहमीचेच तण होते, त्यामुळे बी कोठून आले याविषयी मला शंका उरली नाही. निंदणीचा खर्च धरला, तर स्वस्तात घेतलेले ते खत आम्हाला महागच पडले.

हे असे का घडते, हे समजून घेणे खरेदीदाराच्या हिताचे आहे. मूळचे अमेरिका खंडातील हे तण आपल्या देशात 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले आणि आज खान्देशातील बांध, रस्त्याच्या कडा व गावठाणे त्याने व्यापली आहेत. चांगले वाढलेले एक झाड 15,000 ते 25,000 बिया देते. बी अगदी बारीक व हलके असल्याने ते पाटाच्या पाण्यावर तरंगत जाते आणि ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलाबरोबर एका शिवारातून दुसऱ्या शिवारात पोहोचते. त्याला ठरावीक हंगामाची वाट पाहावी लागत नाही. ओल मिळाली की ते उगवते, साधारण 4 ते 8 आठवड्यांत फुलू लागते, आणि ओल टिकून राहिली तर एका वर्षात त्याच्या अनेक पिढ्या होतात. ठिबकखालच्या सतत ओल्या राहणाऱ्या पट्टीहून सोयीची जागा त्याला मिळणे कठीण. जे बी मातीत खोल गाडले जाते ते काही वर्षे जिवंत राहते आणि पुढच्या नांगरटीत वर येऊन उगवते, म्हणून एका हंगामाची चूक त्या हंगामापुरती राहत नाही. जनावरे हे गवत सहसा खात नाहीत; खतात ते येते ते फुलावर आलेली झाडे उपटून उकिरड्यावर फेकण्याच्या आपल्याच सवयीमुळे, कारण उपटलेल्या झाडावरही बी पक्व होऊ शकते.

दुसऱ्या पुरवठादाराकडील खत याच कारणासाठी मला उजवे वाटते. ते ढिगावर पाणी मारतात आणि ढीग 3 वेळा पालटतात. चांगला कुजणारा ढीग आत 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि ही उष्णता काही दिवस टिकली, तर बहुतेक तणांचे बी मरते. मात्र बाहेरचा थर थंडच राहत असल्याने ढीग पालटला नाही, तर त्या थरातील बी तसेच वाचते. खरेदीपूर्वी मी दोन्हीकडचे खत प्रत्येकी एका पसरट ट्रेमध्ये पातळ पसरले, ते ओले ठेवले आणि 15 दिवस रोपे मोजली. पहिल्याच्या ट्रेमध्ये गाजर गवताची 41 रोपे उगवली, तर दुसऱ्याच्या ट्रेमध्ये 2. ही चाचणी घरी कोणालाही करता येते आणि विक्रेत्यांनीही तिला हरकत घेतली नाही.

दुसऱ्या पुरवठादाराचा भाव जवळजवळ दीडपट आहे, आणि खत ओले असल्यामुळे ते वजनावर न घेता ट्रॉलीच्या मापानेच घ्यावे. गाडी एकदा 9 दिवस उशिरा आली. त्यांच्याकडे मिळणारे न कुजवलेले लेंडीखत मात्र घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन: शेळ्यामेंढ्या वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात, कठीण कवचाचे बी त्यांच्या पोटातून जिवंत बाहेर पडते आणि पचनक्रियेत कवच मऊ झाल्याने ते उलट अधिक सहज रुजते. त्या एका ट्रॉलीतून उगवलेली बाभळीची काटेरी रोपे आम्ही अजूनही खणून काढत आहोत.

कांदे बागेसाठी, म्हणजे पावसाळा सरताना होणाऱ्या केळीच्या लागवडीसाठी, 6 ट्रॉल्या कुजलेले खत त्यांच्याकडेच नोंदवले आहे, आणि प्रत्येक फेरीपूर्वी ट्रॉली व चाके धुऊन आणण्याचे त्यांनी मान्य केले आहे.