फॅमिलीट्रीडीएनएचं डिस्कव्हर: फुकट आहे, नक्की बघा

बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम कुठून कुठे पसरला हे बघायचं असेल तर ह्यूस्टनच्या फॅमिलीट्रीडीएनए या डीएनए टेस्ट कंपनीचं डिस्कव्हर हे वेब टूल उघडा, पैसे लागत नाहीत, हॅप्लोग्रुपचं (म्हणजे वाय क्रोमोसोमच्या वंशवृक्षातल्या फांदीचं) नाव टाकलं की झालं. मी आर-झेड९३ टाकलं. आर१ए या हॅप्लोग्रुपच्या दोन मोठ्या फांद्या साधारण ५००० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, झेड२८२ पूर्व युरोपात जास्त, झेड९३ मध्य आणि दक्षिण आशियात, आणि उरलजवळच्या सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांतल्या हाडांमध्येही हेच झेड९३ सापडलंय, वाचून अंगावर काटाच आला राव! झेड९३च्या खाली एल६५७ ही उपफांदी बघा, भारतात भरपूर, युरोपात जवळपास नाहीच.

तारखा अंदाजे असतात, शेजारी शेकडो वर्षांची रेंज असते ती वाचाच. भारतातले सॅम्पल कमी असल्याने आपल्याकडच्या फांद्या तुटक वाटतात, हे मात्र खटकतं.

आणि ही एकच रेषा आहे हां, दहा पिढ्या मागे गेलं तर १०२४ पूर्वजांपैकी फक्त एकाची, त्यामुळे यावरून कुळाचा मोठेपणा काढणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. याच कंपनीची बिग वाय-७०० ही वाय क्रोमोसोमची सखोल टेस्ट महाग आहे, आधी हे फुकटचं मनसोक्त बघून घ्या मग ठरवा.