ब्युरोच्या सिस्टर, मामा, मावशींसाठी आगीचं एक दिवसाचं प्रशिक्षण: मी केलं, कसं वाटलं ते लिहिते

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली सिस्टर आहे आणि गेली सहा वर्षं पुण्यात ब्युरोमार्फत काम करते, म्हणजे रुग्णालयांना लागेल तशी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत. सोमवारी कर्वे रोड, मंगळवारी हडपसर, मध्येच आठवडाभर चिंचवड. संध्याकाळी सहाला फोन येतो, "ताई, आज नाईट आहे, आठला पोचाल का?" आणि मी धायरीतून गाडी काढते. पोचल्यावर हँडओव्हर मिळतो, म्हणजे आधीच्या पाळीची सिस्टर रुग्णांची माहिती देते. कोणाचं सलाईन कधी संपणार, कोणाची शुगर किती, कोणाला उपाशी ठेवायचंय. आग लागली तर जिना कुठे आहे, हे मला एकाही हँडओव्हरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका खाजगी रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, माझी तिथली पहिलीच नाईट होती. रात्री साडेदहाच्या सुमारास एका खोलीत सक्शन मशीनच्या प्लगमधून धूर यायला लागला. वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉय) धावत जाऊन मेन स्विच पाडला. पाच मिनिटांत सगळं शांत झालं, कोणाला काही झालं नाही. पण त्या पाच मिनिटांत खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी माझा हात घट्ट धरून विचारत होत्या, "बाई, कुठून जायचं?" मला माहीत नव्हतं. हिरवी पाटी दिसली त्या दाराशी मी पळत गेले, तर दाराला कुलूप आणि दारासमोर छातीपर्यंत सलाईनचे खोके रचलेले. परत येऊन आजींना म्हटलं, "काही नाही, झालं सगळं ठीक." घरी गेल्यावर झोप लागली नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी हे प्रशिक्षण केलं, आणि गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा. एरंडवण्यातला एक हॉल, रविवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, फी ९०० रुपये. शिकवणारे सर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या जोडीला बरीच वर्षं आयसीयूत काढलेल्या एक सिस्टर. आम्ही सव्वीस जण होतो. बहुतेक ब्युरोच्या सिस्टर, दोन ब्रदर (पुरुष नर्स), एक डायलिसिस टेक्निशियन, चार मावशी (वॉर्डातल्या मदतनीस) आणि एक मामा.

हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. सरांनी कोणाला बसूच दिलं नाही. "आधी दोन्ही जिने बघून या, खालपर्यंत उतरून या, आणि येताना दारं मोजा." आम्ही गेलो. मागच्या जिन्यात केटरिंगवाल्यांची दोन टेबलं आडवी पडली होती. सरांनी हॉलच्या माणसाला बोलावून ती आमच्यासमोर उचलायला लावली आणि मगच वर्ग सुरू केला. तिथेच माझं मत बनलं की हे काम जाणणारे लोक आहेत.

प्रशिक्षणाचा गाभा असा: कायमच्या कर्मचाऱ्याला इमारत हळूहळू अंगवळणी पडते, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, म्हणून पोचल्यावर पहिली दहा मिनिटं इमारतीला द्या आणि मग रुग्णांचा हँडओव्हर घ्या. नर्सिंग स्टेशनपासून जिन्यापर्यंत स्वतः चालायचं आणि वाटेतली दारं मोजायची. दार ढकलून बघायचं. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे ते नावानिशी विचारायचं. गजराचं बटण, आग विझवायचा सिलिंडर आणि ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हची पेटी कुठे आहे ते डोळ्यांनी बघायचं. वॉर्डात स्वतःहून उठून चालू शकणारे किती, व्हीलचेअरवर जाणारे किती, पूर्ण पडून असणारे किती, हे तीन आकडे हातावर पेनाने लिहायचे. मी आजही लिहिते.

दुपारनंतर डोळ्यांवर पट्टी बांधून कॉरिडॉरमधून जायचं होतं. गुडघ्यावर, एक हात भिंतीला, दारं मोजत. सकाळी जी वाट वीस सेकंदांत चालले होते तिला मला चार मिनिटं लागली, आणि तिसऱ्या दाराशी मी वळण चुकले. सर म्हणाले की धुरात डोळे उघडे असून काही दिसत नाही, हात आणि आकडा एवढंच हाताशी उरतं. कोलकात्याच्या ढाकुरियातल्या रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला तळघरात आग लागली आणि नव्वदहून जास्त माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्यात केरळच्या दोन तरुण सिस्टर होत्या, रुग्णांना बाहेर काढता काढता गेलेल्या. हे ऐकल्यावर पट्टी पुन्हा बांधून घ्यायला कोणी कुरकुर केली नाही.

रुग्ण हलवण्याच्या भागाला सगळ्यांत जास्त वेळ दिला, तो योग्यच होता. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं की आग म्हणजे सगळ्यांना खाली मैदानात नेणं. सरांचं सूत्र "आधी आडवं, मग खाली" असं होतं. म्हणजे त्याच मजल्यावर, आग अडवणाऱ्या दाराच्या पलीकडच्या भागात आधी सरकवायचं, आणि तिथेही धोका यायला लागला तरच जिना. लिफ्ट नाहीच. आगीच्या अगदी शेजारचा रुग्ण पहिला. मग चालणारे, मग व्हीलचेअरवाले, मग पडून असलेले, कारण एका खाटेवरच्या माणसामागे तीन-चार जण अडकतात. खोलीतून रुग्ण काढला की दार ओढून बंद करायचंच. आपल्याकडे अशी दारं स्टूल नाहीतर रिकामा सिलिंडर लावून उघडी ठेवलेली असतात, ट्रॉली सुटसुटीत जावी म्हणून. नाईटला पहिल्यांदा ते स्टूल काढायचं.

चादरीत गुंडाळून ओढायचा सराव प्रत्येकाने केला. मला मिळालेले ब्रदर ऐंशी किलोंचे असतील. उचलायला चौघं लागली असती, पण चादरीचं डोक्याकडचं टोक पिळून धरलं, खाली वाकले आणि मागे मागे सरकले तर एकटीने त्यांना पंधरा-सोळा फूट नेलं. जिन्यावरून पाय पुढे, एक जण खालून आधार देणारा आणि एक वर डोक्याकडून रोखून धरणारा. इथे सरांच्या जोडीला शिकवणाऱ्या सिस्टरांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. आपल्या वॉर्डात प्रत्येक रुग्णापाशी एक नातेवाईक चटई टाकून झोपलेला असतो. त्याला गर्दी समजू नका. "दादा, तुम्ही हे टोक धरा" असं स्पष्ट काम द्या. सांगितलं नाही तर तोच माणूस जिन्याच्या तोंडाशी सामान गोळा करत उभा राहील.

ऑक्सिजनबद्दल माझे गैरसमज होते ते गेले. रुग्णाला हलवताना नळी काढून खाटेवर टाकली आणि फ्लोमीटर (ऑक्सिजन कमी-जास्त करायची खाटेपाशची कळ) चालूच राहिला, तर गादी-चादरीत ऑक्सिजन भरत राहतो आणि ठिणगी पडली की ते कापड भडकून पेटतं. म्हणून त्या खाटेचा फ्लोमीटर आपण बंद करायचा. पण सगळ्या वॉर्डाचा व्हॉल्व्ह ब्युरोच्या सिस्टरने आपल्या मनाने फिरवायचा नाही. पलीकडच्या खोलीत कोणी व्हेंटिलेटरवर असू शकतं. पेटी कुठे आहे ते माहीत असू द्या, निर्णय इनचार्ज किंवा डॉक्टरांचा, आणि "बंद करू का?" हे मोठ्याने विचारून उत्तर ऐकायचं. ऑक्सिजनच्या बी टाईप सिलिंडरचा हिशोबही करून घेतला. भरलेल्यात साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरने अडीच तास. सिलिंडरची चावी त्याच्या गळ्यातच बांधलेली आहे का ते बघायचं, कारण चावीच नसेल तर भरलेला सिलिंडरही उपयोगाचा नाही.

आग विझवायचा सराव बाहेर मोकळ्या जागेत झाला, पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून. पहिल्या फेरीत आमच्यातल्या निम्म्या जणांनी पिन न काढताच दांडी दाबली. हात थरथरतात, त्यामुळे हे एकदा प्रत्यक्ष करणं आवश्यकच आहे. पावडरचा सहा किलोंचा सिलिंडर वीस सेकंदांच्या आत संपतो, हे मला ठाऊक नव्हतं. कार्बन डायऑक्साईडच्या सिलिंडरचं काळं भोंगं उघड्या हाताने धरायचं नाही, गारठ्याने कातडी जळते. पाठ कायम बाहेर जायच्या वाटेकडे. एका सिलिंडरमध्ये आटोक्यात आली नाही तर दार बंद करून रुग्णांकडे वळायचं. १०१ ला फोन करताना मजला, जवळची खूण आणि पडून असलेले रुग्ण किती हे सांगायचं, आणि समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

शेवटच्या तासात सर आमच्या हक्कांवर आणि जबाबदारीवर बोलले. राज्यात २००६ चा आग प्रतिबंधाचा कायदा आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, ते इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. यंत्रणेची जबाबदारी त्यांची. पण ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं गेली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूत अकरा रुग्ण गेले, आणि दोन्ही ठिकाणी कारवाई झाली तेव्हा सेवा समाप्त झालेल्यांत सिस्टर होत्या. हे सांगताना सरांचा आवाज बदलला. ते म्हणाले, "तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, हे नंतर कोणी ऐकून घेत नाही." म्हणून आल्याची वेळ आणि नाव वॉर्डच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहायचं. त्यातून दुसरीही एक गोष्ट साधते. खाली जमल्यावर डोकी मोजतात ती रुग्णालयाच्या हजेरीवरून, आणि ब्युरोची सिस्टर त्या हजेरीत नसते. धुरात मागे राहिली तर तिला शोधायला कोणी जाणार नाही. हे ऐकून हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.

उणिवाही सांगते, कारण मला हे प्रशिक्षण आणखी चांगलं झालेलं हवंय. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत होतं. सर मराठीत समजावत होते, पण माझ्या शेजारच्या मावशी दोन्ही वेळा वहीत काहीच लिहू शकल्या नाहीत, आणि रात्री वॉर्डात सगळ्यांत आधी त्याच पोचतात. मराठीत चार पानांची पुस्तिका द्यायलाच हवी. एनआयसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूला, जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली. बाळांना खिशांच्या एप्रनमध्ये घालून नेतात, त्याचा फक्त फोटो दाखवला. भंडाऱ्याचं नाव घेतल्यावर तो एप्रन हातात द्यायला हवा होता आणि बाहुल्या घालून सराव करून घ्यायला हवा होता. मी अभिप्रायाच्या कागदावर हे दोन्ही वेळा लिहिलं आहे.

खर्च आपल्याच खिशातून जातो, शिवाय रविवारची ड्युटी बुडते. माझ्या मते हे पैसे ब्युरोने भरावेत. आमच्या जिवावर कमिशन घेता, तर एवढं करा. मी माझ्या ब्युरोच्या ताईंना तसं सांगितलं आणि त्यांनी यंदा सहा जणींची फी भरली, याचा मला मनापासून आनंद आहे.

मागच्या आठवड्यात कोथरूडला नवीन ठिकाणी नाईट होती. मागच्या जिन्याला कुलूप. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "किल्ली खाली सिक्युरिटीकडे असते." मी म्हटलं, "ताई, रात्रभर इथे वर ठेवूया ना." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतः फोन करून किल्ली मागवली आणि स्टेशनच्या खिळ्याला अडकवली. सव्वाआठला मी हँडओव्हर घेतला.

जाणार असाल तर साडी नेसून जाऊ नका, पँट किंवा सलवार घाला, गुडघ्यावर चालायचंय. बूट बंद हवेत. जेवण मिळत नाही, चहा दोनदा मिळतो, डबा न्या. आणि शक्य असेल तर एकट्या जाऊ नका, तुमच्या वॉर्डातल्या एका मावशींना सोबत घेऊन जा.