जीडॅल हवंय: पिपने टाकायचं की कॉन्डाने?

उपग्रहाचं चित्र पायथनमध्ये उघडायचं म्हटलं की जीडॅल (GDAL, उपग्रहचित्रं आणि नकाशांचा डेटा वाचणारी लायब्ररी) आडवं येतंच. मूळ लायब्ररी सी++ मधली. पायथनला मिळतो तो तिच्यावरचा पातळ पापुद्रा. खालचा डोलारा कोणी उभा करायचा, यावर सगळं अडतं.

पिपकडे, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या पॅकेज टाकायच्या साधनाकडे, नुसतं जीडॅल मागितलं तर पायपीआय या ऑनलाइन भांडारावरून फक्त सोर्स उतरतो, तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नाही. तो तुमच्याच मशीनवर कंपाइल व्हायला बसतो आणि जीडॅल-कॉन्फिग (मशीनवरच्या जीडॅलची माहिती देणारी कमांड) सापडलं नाही म्हणून पानभर लाल अक्षरं ओकतो. उबुंटूवर मार्ग आहे: आधी एपीटीने लिबजीडॅल-डेव्ह टाका, जीडॅल-कॉन्फिगला आवृत्ती विचारा आणि पिपकडे नेमकी तीच मागा. उबुंटू २२.०४ मध्ये ३.४ असताना पिपने ३.८ आणलं तर बोंबललं.

एवढं निस्तरून मी एकदा चहा टाकायला गेलो. येऊन बघतो तर इम्पोर्ट होतंय, आवृत्तीही बरोबर, पण रीड-अ‍ॅज-अ‍ॅरे म्हटलं की एरर. कंपाइल होताना नमपाय (अ‍ॅरे हाताळणारी लायब्ररी) त्याला दिसलंच नव्हतं, म्हणून अ‍ॅरेचा भाग बनलाच नाही. पिक्सेल वाचता येत नसतील तर त्या जीडॅलचं लोणचं घालायचं का? विंडोजवर हा खटाटोप करूच नका.

कॉन्डा पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही तयार आणून देतो. त्याच्याकडे, म्हणजे मिनिफोर्ज हा त्याचा इन्स्टॉलर टाकून, हेच काम दोन ओळींचं. नवं एन्व्हायर्नमेंट करा, जीडॅल मागा. जीडॅलला लागणाऱ्या प्रोज, जिऑस या लायब्रऱ्या, नमपाय सगळं एकमेकांशी जुळवून येतं. ‘कॉन्डा तासभर सॉल्व्ह करत (आवृत्त्या जुळवत) बसतो’ ही तक्रार आता जुनी झाली; २०२३ मध्ये लिबमाम्बा सॉल्व्हर डीफॉल्ट झाल्यापासून वेग सुधारलाय. जागा मात्र भरपूर खातो. आणखी एक गोम: हल्ली कॉन्डा-फोर्जने (कॉन्डाचं समुदायाने चालवलेलं चॅनेल, म्हणजे पॅकेजांचं भांडार) काही ड्रायव्हर (एकेक फाइल-प्रकार वाचणारे भाग) वेगळे काढलेत, त्यामुळे नेटसीडीएफ फाइल उघडेना तर लिबजीडॅल-नेटसीडीएफ वेगळं टाकावं लागतं. मिनिफोर्जच का, तर तो मुळातच कॉन्डा-फोर्जवर चालतो. अ‍ॅनाकोंडा या कॉन्डामागच्या कंपनीच्या स्वतःच्या डीफॉल्ट चॅनेलला २०० पेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत पैसे मोजावे लागतात. ऑफिसच्या मशीनवर हे आधी बघा.

पण तुम्हाला थेट जीडॅलच हवंय का? सेंटिनेल-२ उपग्रहाची जिओटिफ फाइल उघडून एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढायचा, एवढंच असेल तर व्हेन्व्ह (पायथनचं स्वतःचं एन्व्हायर्नमेंट) करून पिपने रास्टेरिओ ही जीडॅलवर बेतलेली लायब्ररी टाका. त्याच्या व्हीलच्या पोटातच जीडॅल असतं. काही कंपाइल होत नाही. कमी वापरातले बरेच ड्रायव्हर त्यात वगळलेत, म्हणून एचडीएफ-४ या फाइल-प्रकारातला मोडिस या उपग्रह-सेन्सरचा जुना डेटा असेल तर मुकाट्याने कॉन्डाकडे या. पायथनची आवृत्ती अगदी ताजी असली तर व्हील अजून आलेलं नसतं आणि पिप पुन्हा कंपाइल करायला बसतो. एक पाऊल मागची आवृत्ती घेतलेली बरी.

मी स्वतः लॅपटॉपवर मिनिफोर्ज वापरतो, सर्व्हरवरच्या छोट्या स्क्रिप्टला व्हेन्व्ह आणि रास्टेरिओ. दोन्ही एकत्र करायची वेळ आलीच तर आधी कॉन्डाने सगळं टाकून घ्या, उरलंसुरलं शेवटी पिपने. उलट केलंत तर पिपने काय आणलंय याचा हिशेब कॉन्डा सॉल्व्ह करताना धरत नाही. मग एके दिवशी प्रोज-डीबी (प्रोजची डेटाबेस फाइल) सापडत नाही अशी एरर येते. तेव्हा दुरुस्तीच्या फंदात न पडता एन्व्हायर्नमेंट उडवून नवं करा, दहा मिनिटांचं काम आहे.