ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला: स्वतःचाच खोलावा, रिमॅन घ्यावा की वापरलेला चढवावा?

ट्रक जुना, इंजिन ठणठणीत, पण तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी जागची हलल्यासारखी वाटत नाही. किंवा एके दिवशी रिव्हर्सच पडत नाही. अशा वेळी रस्ते तीन: आहे तोच गिअरबॉक्स खोलून बांधणं, कारखान्यात नव्याने बांधलेला (रिमॅन) बदलून घेणं, किंवा दुसऱ्या गाडीतून उतरवलेला वापरलेला टाकणं. इथे उदाहरणाला जनरल मोटर्सच्या (जीएम) पिकअपमधला ७००आर४ (१९८२ पासूनचा) आणि त्याचाच इलेक्ट्रॉनिक वारस ४एल६०ई (ट्रकमध्ये १९९३ पासून) घेतला आहे. फोर्ड किंवा डॉजवाल्यांना नावं बदलून बहुतेक सगळं लागू पडेल.

मॅन्युअल गिअरबॉक्स बसवण्याचा चौथा रस्ता मुद्दाम सोडला आहे. क्लच पेडल, मास्टर सिलिंडर, फ्लायव्हील, पायलट बेअरिंग, क्रॉस मेंबर, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, वर संगणकाची समजूत घालणं, हा दुरुस्तीचा नाही, हौसेचा विषय आहे.

आधी खात्री

गिअरबॉक्स खरंच गेलाय का, हे दोन तासांत कळतं आणि हेच दोन तास वाचवण्याच्या नादात लोक चांगला गिअरबॉक्स उतरवतात. ऑइल गरम असताना, इंजिन आयडलला ठेवून पातळी पाहा. जीएमचा गिअरबॉक्स पार्कमध्ये तपासायचा. डॉजच्या जुन्या रिअर-व्हील गाड्या मात्र न्यूट्रलमध्ये, कारण त्यांच्यात पार्कला कन्व्हर्टरकडे (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा गोल डबा) ऑइल जात नाही आणि पातळी खोटी दिसते.

७००आर४ असेल तर कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीकडून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल पाहा. ती सैल असली की आतला दाब कमी राहतो, गिअर लवकर लवकर पडतात आणि ३-४ क्लच (तिसरा-चौथा गिअर धरणाऱ्या आतल्या प्लेट) जळतो. केबल नीट न लावता नवा गिअरबॉक्स बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. ४एल६०ईला केबल नाही. तिथे थ्रॉटल सेन्सर, वायरिंग आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे ऑइलचे व्हॉल्व्ह) आधी. केसच्या डाव्या बाजूच्या टेस्ट पोर्टला ३०० पीएसआयचं गेज लावा. थ्रॉटलबरोबर दाब चढला पाहिजे, रिव्हर्सला तर आणखी. आयडललाच काटा मरगळलेला असेल तर पंप, फिल्टर किंवा प्रेशर सोलेनॉइड.

मग पॅन उतरवा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असतोच, त्याला घाबरू नका. काळा तंतुमय गाळ म्हणजे क्लचचं अस्तर. पितळी चमक म्हणजे बुश. बोटात टोचणारे पोलादी तुकडे म्हणजे आत काहीतरी तुटलंय. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलंय. क्लचच्या अस्तराचा गोंद पाण्याने सुटतो, त्यामुळे तिथे फक्त ऑइल बदलून भागत नाही.

कोणता गिअर गेला यावरूनही पुष्कळ कळतं. ४एल६०ईत पहिला आणि तिसरा शाबूत, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गायब असेल तर सन शेल (आतल्या सन गिअरला फिरवणारा पोलादी डबा) तुटलाय किंवा त्याचे दाते गेलेत. पहिला-दुसरा ठीक, पण तिसऱ्याला आणि चौथ्याला स्लिप मारत असेल तर ३-४ क्लच. सन शेलचं प्रकरण असेल आणि ऑइल जळकं नसेल, तर बाकीचे अवयव बऱ्याचदा जगलेले निघतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वापरलेला: स्वस्त कुठपर्यंत?

वापरलेल्याची बाजू साधी: सगळ्यांत कमी पैसे आणि आज हातात. गाडीच आणखी वर्षभर चालवायची असेल तर या पर्यायाला नाव ठेवता येत नाही.

पण “कमी चाललेला आहे” या वाक्याला मी फारसं वजन देत नाही. आतल्या पिस्टनची सील रबराची असतात आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. वीस वर्षं उभा राहिलेला गिअरबॉक्स कमी चाललेला असला तरी त्याची सील कडक झालेली असतात. गार असताना पहिल्यांदा गिअर टाकल्यावर तीन-चार सेकंद काहीच होत नाही, ते बहुतेक वेळा यामुळेच. त्यात कूलरच्या पाइपांची तोंडं उघडी ठेवून तो शेडबाहेर पडलेला असेल, तर व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) ओल शिरून व्हॉल्व्ह अडकतात.

जुळणीही सोपी नाही. नाव सारखं असलं तरी गिअरबॉक्स सारखा नसतो. सुरुवातीच्या ४एल६०ईची बेल हाउसिंग (इंजिनला जोडणारं पुढचं घंटेसारखं कवच) केसचाच भाग होती, नंतर ती वेगळी बोल्टने बसू लागली. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या नव्या व्ही-८ इंजिनांसाठी कन्व्हर्टर २९८ ऐवजी ३०० मिलिमीटरचा झाला आणि त्याबरोबर पंप व इनपुट शाफ्टही बदलले. फोर-व्हीलचा आउटपुट शाफ्ट टू-व्हीलला चालत नाही. सोलेनॉइडची मांडणीही वर्षागणिक बदलत गेली. म्हणून घ्यायचाच तर त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाच्या आसपासचा घ्या आणि बसवण्याआधी जमिनीवरच पुढचं, मागचं आणि सिलेक्टर शाफ्टचं सील, फिल्टर आणि पॅन गॅस्केट बदला.

माझं मत इथेच ठरलं

एवढं करूनही एक गोष्ट उरते. आतला क्लच चांगला आहे की नाही, हे गिअरबॉक्स गाडीत चढवून, ऑइल भरून, वजन घेऊन चालवल्याशिवाय कळत नाही. आणि वाईट निघाला, तर तो पुन्हा उतरवायचा.

ज्यांनी हे काम जमिनीवर पाठ टेकून केलं आहे, त्यांना सांगायला नको. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, मग ट्रान्सफर केस, मग क्रॉस मेंबर, कधी आड येणारा सायलेन्सर पाइप. खालच्या झाकणातून कन्व्हर्टरचे तीन बोल्ट, क्रँक फिरवत एकेक समोर आणून सोडायचे. कूलरच्या पाइपांचे गंजलेले नट, ज्यांच्यावर साधा पाना हमखास घसरतो, तिथे फ्लेअर पानाच हवा. केसच्या डोक्यावरचं वायरिंगचं कनेक्टर, जे दिसत नाही, फक्त बोटांना लागतं.

आणि सगळ्यांत वर बेल हाउसिंगचे दोन बोल्ट. त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही. गिअरबॉक्सचं शेपूट जॅकवर काही इंच खाली सोडायचं, म्हणजे इंजिन मागे झुकतं, आणि मागून साठेक सेंटिमीटरचं एक्स्टेन्शन आणि लवचिक सॉकेट घालून ते फिरवायचे. जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला असतो. शेपूट जरा जास्त खाली गेलं की त्याची कॅप फायरवॉलवर आपटून फुटते, म्हणून कॅप आधीच काढून ठेवायची. ऑइल गेजच्या नळीचा बोल्टही तिथेच कुठेतरी दडलेला असतो. सगळे बोल्ट सुटले तरी गिअरबॉक्स हलत नसेल तर बहुधा तोच राहिलेला असतो.

कोरडा ४एल६०ई सुमारे ६६ किलोचा. त्यात कन्व्हर्टर आणि ऑइल मिळवा. हे सगळं एकदा करणं म्हणजे काम. तेच महिन्याभरात पुन्हा, पुन्हा दहा-अकरा लिटर ऑइल ओतून, करणं म्हणजे शिक्षा. वापरलेल्यात वाचलेले पैसे दुसऱ्या उतरवणीत जातात, मजुरी देत असाल तर जरा जास्तच. कोणाचा अनुभव वेगळा असेल, मी नाही म्हणत नाही. पण ‘पाहू, चालला तर चालला’ हा हिशोब हलक्या कामाला ठीक, या कामाला नाही.

रिमॅन की आपलाच?

रिमॅनमध्ये ही धास्ती बरीच कमी होते. टेस्ट बेंचवर चालवून पाठवलेला असतो, ठाऊक असलेल्या कमकुवत जागा बहुधा सुधारलेल्या असतात आणि गाडी दोन दिवसांत रस्त्यावर येते. ट्रक रोजीरोटीचा असेल तर हाच घ्या, वाद नाही. फक्त वॉरंटीचा कागद आधी वाचा. बऱ्याचदा गिअरबॉक्स बदलून मिळतो, उतरवण्या-चढवण्याची मजुरी मिळत नाही, आणि कूलर साफ केल्याचा किंवा बदलल्याचा पुरावा मागतात. शिवाय आपला जुना परत द्यावा लागतो. त्याची केस तडकलेली असेल तर अनामत कापली जाते.

तरी माझा कल आपलाच खोलण्याकडे आहे. तो याच गाडीचा, त्यामुळे शाफ्ट, सेन्सर, कनेक्टर सगळं जुळतं. आणि काय बिघडलं हे डोळ्यांनी दिसतं. वर म्हटल्याप्रमाणे सन शेलच गेला असेल, तर मजबूत सन शेल, क्लच आणि सीलचा पूर्ण किट, सगळे बुश आणि फिल्टर एवढ्यात गिअरबॉक्स उभा राहतो. खोललाच आहे तर गिअर पडतानाचा झटका मऊ करणारे १-२ आणि फॉरवर्ड अ‍ॅक्युम्युलेटरचे पिस्टन तडकलेत का पाहा. लॉकअपचा (कन्व्हर्टर इंजिनशी थेट जखडणारी सोय) रेग्युलेटर व्हॉल्व्ह ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात फिरतो ते झिजलंय का, हेही. गाडीच्या संगणकात पी१८७० हा बिघाडाचा कोड येऊन लॉकअप स्लिप मारण्यामागे बहुतेकदा हेच असतं. भोक रीमर मारून जाड व्हॉल्व्ह बसवता येतो. नुसता सोलेनॉइड बदलून हा कोड जात नाही.

नव्या क्लच प्लेट बसवण्याआधी निदान अर्धा तास ऑइलमध्ये बुडवा. ३-४ क्लचची मोकळीक फीलर गेजने पाऊण ते एक मिलिमीटरच्या आसपास ठेवा. आणि व्हॉल्व्ह बॉडी चढवण्याआधी प्रत्येक क्लचला ३०-४० पीएसआय हवा देऊन पाहा: ‘ठप’ असा घट्ट आवाज आला पाहिजे, नुसती फुस्स नाही. वापरलेल्या गिअरबॉक्सची अशी परीक्षा बाहेर टेबलावर घेता येत नाही, तो खोलावाच लागतो. आणि खोलायचाच असेल, तर आपलाच का नको?

दोन ठिकाणी कंजुसी करू नका. कन्व्हर्टर बदलाच. त्याच्या पोटातला गाळ कापल्याशिवाय निघत नाही. कूलरचंही तेच: साधा नळीचा असेल तर उलट-सुलट धुवा, पातळ पत्र्यांचा असेल तर नवाच. बसवल्यावर परतीच्या पाइपाखाली भांडं धरून आयडलला वीसेक सेकंदांत लिटरभर ऑइल येतंय का पाहा. जुना गाळ नव्या गिअरबॉक्समध्ये गेला तर केलेलं सगळं वाया.

चढवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला पाहिजे: फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने तो खाली बसतो. बेल हाउसिंग इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या क्रँकवरची, कन्व्हर्टर जिला बोल्टने बसतो ती चकती) तीन ते पाच मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. अंतर नसेल आणि तरीही बोल्ट आवळलेत, तर पहिल्या स्टार्टलाच पंप फुटतो.

अडचण एकच: हे काम करणारा माणूस. स्वच्छ टेबल, धीर आणि आधी हाच गिअरबॉक्स बांधलेला हात नसेल, तर रिमॅनच बरा.

गाडीत ४एल८०ई असेल तर मात्र माझं मत थोडं बदलतं. हा १९९१ पासूनचा, जुन्या टर्बो ४०० च्या घराण्यातला, फारच दणकट गिअरबॉक्स, आणि त्यात चांगला वापरलेला मिळण्याची शक्यता जास्त. फक्त तो कोरडाच शंभर किलोच्या वर भरतो, तेव्हा दुसऱ्यांदा उतरवायची वेळ आली तर साखळीचा ट्रान्समिशन जॅक आणि जोडीला एक माणूस आधीच सांगून ठेवा.