थांबा चौकाच्या अलीकडे की पलीकडे? अमेरिकेतील सहकारी संशोधन अहवालांचे परीक्षण

बसथांबा चौकाच्या अलीकडे असावा की पलीकडे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा फुटपाथवर जागा कुठे मोकळी आहे यावर सुटतो. अमेरिकेत त्यावर १९९६ साली एक स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. तेथील सार्वजनिक वाहतूक संस्थांसाठी सामायिक संशोधन करवून घेणाऱ्या ‘ट्रान्झिट कोऑपरेटिव्ह रिसर्च प्रोग्राम’ (टीसीआरपी) या योजनेचा तो १९ क्रमांकाचा अहवाल होय. थांबा पलीकडे असल्यास उतरलेले प्रवासी बसच्या मागून रस्ता ओलांडतात आणि वळणारी वाहने बसमागे अडकत नाहीत. मात्र एकाच वेळी दोन-तीन बस आल्या तर त्यांची रांग थेट चौकात येते आणि आधी सिग्नलला थांबलेली बस लगेच पुन्हा थांबते, असा दोन्ही बाजूंचा हिशेब त्यात मांडलेला आहे.

टीसीआरपी १९९२ मध्ये सुरू झाला. विमानतळांसाठीच्या ‘एअरपोर्ट कोऑपरेटिव्ह रिसर्च प्रोग्राम’ (एसीआरपी) या भावंडाला २००३ च्या कायद्याने मान्यता मिळाली. पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वाहतूक यंत्रणांचा असतो आणि कारभार ‘ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्ड’ ही तेथील वाहतूक-संशोधन संस्था पाहते. या अहवालांचे खरे मोल मात्र त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. प्रश्न बससेवा किंवा विमानतळ चालवणारी माणसेच सुचवतात. निवडलेल्या प्रश्नासाठी जाणकारांची समिती बसते, तिचे सदस्य मानधन घेत नाहीत, आणि संशोधक कोण असावा येथपासून मसुदा स्वीकारावा की परत पाठवावा येथपर्यंत तीच समिती काम पाहते. त्यामुळे प्रबंधांत हटकून आढळणारा ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ हा सूर येथे फारसा ऐकू येत नाही. डेपो व्यवस्थापकाला उद्या सकाळी काय करता येईल, याकडे लेखन झुकलेले असते.

याचे मला सर्वांत आवडलेले उदाहरण म्हणजे विमानतळावरील स्वच्छतागृहांच्या नियोजनाविषयीचा एसीआरपीचा १३० क्रमांकाचा अहवाल (२०१५). विषय ऐकून हसू येईल. पण चाकांची बॅग घेऊन अरुंद खणात शिरण्याची कसरत ज्याने केली आहे, त्याला सामानासह येणारा प्रवासी गृहीत धरून मापे ठरवणे किती आवश्यक आहे हे सांगावे लागणार नाही. एकेकट्या विमानतळाने असा अभ्यास करवून घेणे खर्चाचे ठरले असते. सर्वांनी मिळून तो एकदाच करवून घेतला, म्हणून लहान विमानतळांच्याही हाती लागला.

सार्वजनिक वाहतुकीची क्षमता आणि सेवेची गुणवत्ता यांवरील टीसीआरपीचा जाडजूड ग्रंथ (तिसरी आवृत्ती, २०१३) मात्र जपून वापरावा. आधीच्या आवृत्तीत सेवेला ‘ए’ ते ‘एफ’ अशी अक्षरी श्रेणी दिली जात असे. ती काढून टाकून प्रवाशाला काय जाणवते आणि संस्थेवर काय परिणाम होतो हे वेगवेगळे सांगण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण श्रेणी एकदा मिळाली की अधिकारी तिच्यापलीकडे पाहत नाहीत. बस थांब्यावर किती वेळ खोळंबते याचे विवेचनही उत्तम आहे. परंतु त्यातले गणित प्रवासी चालकाजवळ भाडे देऊन आत शिरतो अशा बसवर बरेचसे उभे आहे. जेथे वाहक बसभर फिरून तिकिटे देतो, तेथे ते जसेच्या तसे लागू होत नाही. गर्दीचे तर विचारूच नये. मुंबईच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी राहतात, आणि त्या वास्तवापुढे अमेरिकी तक्ते पहिल्याच स्थानकावर मागे पडतात.

मापे बहुतेक ठिकाणी फुटांत आहेत, भाषा कार्यालयीन आहे आणि विषय सुचल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत काही वर्षे जातात. वेगाने बदलणाऱ्या तंत्रज्ञानावरील अहवाल म्हणून लवकर शिळे होतात. या अहवालांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात. महापालिकेतील किंवा परिवहन उपक्रमातील अभियंत्याने सुरुवात थांब्यांच्या अहवालापासूनच करावी. फक्त त्यातील आकृत्या रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशाच्या आहेत, तेव्हा प्रत्येक चित्र मनातल्या मनात आरशात पाहूनच वाचावे.